तीन नंबरची बाटली

(सकाळ. सांडपाणी तपासणीची प्रयोगशाळा.)

मुकादम : अहो मॅडम, बाटली माझीच, वरचं अक्षरही माझंच. पण एकसष्ट? मागच्या आठवड्यात बारा होते ना?

मॅडम : बाराच होते. सांडपाण्यातल्या शंभर विषाणूंत बारा नव्या प्रकारचे. आता एकसष्ट! बाकीची दोन पंपघरं पंधराच्या आत आहेत. तुमच्या तीन नंबरच्या पंपघरानंच डोकं वर काढलंय.

मुकादम : मग आता?

मॅडम : चार वाजता बैठक. आकडा तिसाच्या वर गेला की शाळा बंद, वृद्धाश्रमातल्या भेटी बंद. लेखी ठरलेलं आहे.

मुकादम : म्हणजे भेटी बंद होणार ते खरंच? आमची आई आहे हो तिथं. दादा, म्हणजे आमचे वडील, रोज संध्याकाळी तिच्यापाशी जाऊन बसतात. सकाळी ‘आकडा वाढलाय, या’ असा तुमचा निरोप आला, तेव्हा मी त्यांना फोनवर नुसतं ‘भेट बंद होईल बहुतेक’ म्हणालो, तर ‘न्याहारी राहू दे मग’ म्हणून उठलेच ते.

मॅडम : मला का हौस आहे, मुकादम? पण आकडा दडवता येत नाही.

मुकादम : दडवा म्हणतंय कोण? बाटलीवर वार कोणता आहे?

मॅडम : मंगळवार. सकाळी सात.

मुकादम : मंगळवार... हात्तिच्या! मंगळवारी वस्तीकडची मोठी लाइन बंद होती. पाइप फुटला होता, आम्ही चौघं गुडघाभर चिखलात. पंपघरात पाणी येत होतं ते एकाच अंगानं.

मॅडम : कुठल्या?

मुकादम : रुग्णालयाच्या! साथीचा वॉर्ड आहे ना, तिकडच्या.

मॅडम : अगं बाई! म्हणजे अख्ख्या वस्तीची म्हणून धरलेली नाडी एका वॉर्डाची निघाली? हे आधी का नाही सांगितलंत?

मुकादम : विचारलं कुणी? आमचं काम बाटली भरायची, झाकण लावायचं, सही ठोकायची.

मॅडम : एक विचारते, राग मानू नका. आईसाठी म्हणून तर...

मुकादम : राग आला. पण विचारलंत ते बरं केलंत. माझ्या शब्दावर जाऊच नका. दुरुस्तीच्या वहीत वेळ लिहिलीय. काल दुपारी लाइन सुरू झाली, आज सकाळी मी नवी बाटली भरली. ही बघा, बर्फात आहे.

मॅडम : आणि इतका वेळ ती मांडीवर घेऊन बसलात?

मुकादम : तुम्ही बोलू दिलंत कुठं!

मॅडम : द्या इकडं. पूर्ण तपासणीला दिवस लागतात, पण झटपट चाचणी दुपारपर्यंत होईल. आणि ऐका, जास्त निघाले तर जास्तच सांगणार.

मुकादम : सांगा. आई तिथं आहे म्हणूनच खरं सांगा.

(त्याच दिवशी, दुपारी साडेतीन. तीच खोली.)

मॅडम : मुकादम! अठरा!

मुकादम : अठरा म्हणजे... तुमचं तोंड बघून तर चांगलंच दिसतंय!

मॅडम : वाढतोय, पण मुंगीच्या पावलानं. शाळा चालू, भेटी चालू. मास्क लावायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, एवढंच. बैठकीत दोन्ही आकडे ठेवते, कारणासकट. तुम्ही येताय सोबत.

मुकादम : मी? या गमबुटांत?

मॅडम : गमबुटांतच. पाइप कुठं फुटला ते मी काय सांगणार, कपाळ? आणि यापुढं बाटलीबरोबर, कुठली लाइन चालू, कुठली बंद, अशी तुमची चिठ्ठी आल्याशिवाय मी यंत्राला हात लावणार नाही.

मुकादम : आलोच. आधी एक फोन करतो... दादा, ऐकताय ना?

वडील : मोठ्यानं बोल रे, इथं गाड्यांचा आवाज आहे.

मुकादम : गाड्या? आहात कुठं तुम्ही?

वडील : आश्रमाच्या फाटकाशी. बाकावर.

मुकादम : अहो, भेट पाचला असते!

वडील : ठाऊक आहे. म्हटलं, कुलूप लावायला आलेच कुणी, तर आधी एकदा आत सोडा म्हणून सांगावं.

मुकादम : नाही लावणार कुणी, दादा. उद्याही नाही.

वडील : खरंच?

मुकादम : खरंच. मॅडम समोरच आहेत, मान हलवतायत.

वडील : बरं. मग घाई नाही. बसतो इथंच, ऊन छान आहे.