बुधाजीच्या वावरातली कवाडी

ऐका. आन् ते डोक्यावरचे दिवे इझवा आधी, माझ्या डोळ्यांत कशापायी मारताय? गड काय पहाटेपर्यंत पळून जात न्हाई.

तर शार्दूल नावाचा एक गडी व्हता. शहरातला. असाच, तुमच्यासारखा, पाठीवर बोचकं आन् पायात भारीतले बूट. दरसाली पोरापोरींची टोळी घेऊन गडावर यायचा, आन् स्वतःला सह्याद्रीचा लेक म्हणवायचा. लेक! ह्या लेकाला नाचणी आन् गवत ह्यातला फरक कळत नव्हता.

गडाची जवळची वाट बुधाजीच्या वावरातनं जाते. ती कुणी कधी अडवली न्हाई. रीत एवढीच, की कवाडीपाशी थांबायचं, हाळी द्यायची, 'वाटसरू हाय, जाऊ का?' आतनं 'जा' आलं की बांधाबांधानं निघायचं, आन् कवाडी मागं लावून घ्यायची. कवाडी म्हंजे काय, चार बांबू आन् करवंदीच्या काट्या. लावायला किती वेळ लागतो? नाक शिंकरायला लागतो तेवढा. पण ह्यांचे हात झिजतात!

म्हातारा बुधाजी मेला दोन सालाखाली. ह्यांच्याच बुटांनी ढासळलेला बांध रचता रचता कड्यावरनं गेला. मागं राहिली सून, पारू, एकटी. गेल्या साली शार्दूलच्या टोळीनं कवाडी उघडी टाकली, गुरं शिरली आन् अर्धी नाचणी साफ. तिची वर्षाची भाकरी गुरांच्या पोटात गेली. म्हणून औंदा टोळी संध्याकाळी आली, तवा पारू कवाडीत उभी राहिली.

"नाचणी कापून होईस्तवर घळीनं फिरून जा, दादा."

"गड सरकारचा आहे, बाई."

"गड सरकारचा. वावर माझं."

हसला तो! सगळ्यांदेखत हसला. "मी रात्रीच जाणार. कोण अडवतं बघू." टोळी गावातल्या देवळात झोपली, आन् हा शहाणा एकटाच पुढं निघाला. गडावरनं सूर्य उगवतानाचा फोटो पायजे व्हता ना!

अवसेची आदली रात. कवाडी आली. हाळी? कसली हाळी! लाथेनं सारली, उघडीच टाकली, आन् घुसला उभ्या नाचणीत. चालला. चालला. बघतो तर पुढं कवाडी. म्हणाला, दुसरी असेल. सारली. शंभर पावलं गेला, परत कवाडी. तीच! ह्याच्याच बुटाचा चिखल तिच्यावर. आता काट्या हातात शिरायला लागल्या. चौथ्यांदा तर कवाडी हलंचना, जसा काय रेडा टेकून उभा पलीकडनं.

मंग म्हणाला, बांधावरनं जातो. आता आठवला ह्याला बांध! चढला. तर बांध मऊ. पायाखाली दगड न्हाई, काहीतरी कोमट. आन् ऐका, बांध श्वास घेत व्हता! वर. खाली. वर. खाली. ह्यानं दिवा मारला. म्हातारा पालथा पडलेला, बांधाएवढा लांब, आन् ह्याचे बूट त्याच्या पाठीवर.

"दरसाली देतोस की पाय," म्हातारा म्हणाला, "आज का बिचकतोस?"

पळाला! पण पळणार कुठं? ज्या अंगाला जाईल ती वाट कड्याकडंच उतरायची. दिवा गेला. नाचणीची धाटं पायांत गुंतली, एक बूट निघाला. पुढं दोन पावलांवर काळोख, आन् वारा खालनं वर येतोय. म्हातारा मागं निवांत तंबाखू मळत बसलेला. "जा की. कोण अडवतं बघू."

तेव्हा फुटला. सह्याद्रीचा लेक गुडघ्यांवर! "चुकलो बाबा! वाटसरू आहे, जाऊ का?"

म्हातारा पचकन थुंकला. "मला काय इचारतोस? मी मेलोय. वावर तिचं हाय."

आता हाक मारायची कुणाला? नाव कुठं ठाऊक व्हतं! सात साल तिच्या वावरातनं गेला, एकदा नाव इचारलं न्हाई. "अहो बाई! ताई! वहिनी!" बोंबलला नुसता, घसा फाटेस्तवर. लांब खोपटात बत्ती लागली.

"कोण हाय?"

"मी... संध्याकाळचा. जाऊ का?"

"न्हाई," पारू म्हणाली. "आला तसा माघारी जा. आन् कवाडी लावून जा."

काय सांगू! तिनं म्हणायचा अवकाश, कडा मागं सरला. समोर कवाडी, आन् पलीकडं गावाचा दिवा. एका बुटानं खुरडत गेला. रक्ताळलेल्या हातांनी काट्या उराशी धरून कवाडी लावली. दोरीची गाठ मारता येईना, तीनदा मारली. पहाटे टोळी उठली तर हा देवळाच्या खांबाला मिठी मारून बसलेला. गड न बघताच गेला. त्याचा बूट पारूनं काठीला टांगलाय, पाखरं हाकलायला. उद्या लांबून दिसंल.

म्हणून सांगतो, नाचणी उभी हाय तवर ती वाट धरायची न्हाई. घळीनं जा. तासभर जास्ती चाललात तर मरत न्हाई.

आन् मघा अंगणात शेवटी कोण आलं? कवाडी उघडी हाय. कवाची वाजतिया, ऐकू येत न्हाई व्हय? ऊठ, लावून ये. दिवा ठेव इथंच, एकटा जा. आन् तिथं म्हातारा दिसला, तर त्याला इचारून भागायचं न्हाई. ह्या घरच्या मालकिणीला हाक मारावी लागंल. मघाशी जिच्या हातची भाकरी खाल्लीत, तिचं नाव ठाऊक हाय का तुमच्यातल्या एकाला तरी?