समितीसाठी पेशंट

चहा राहू दे गं, आधी ही नोटीस बघ. मागच्या आठवड्यात आमच्या सरकारी दवाखान्यात आमदारांची समिती तपासणीला आली होती ना? सकाळीच मोठे डॉक्टर म्हणाले, "खरे पेशंट घरी धाडा. औषधं बाहेरून आणावी लागतात म्हणून सांगतील. सिस्टर, तुम्ही साडी नेसून खाटेवर पडा."

चौदा वर्षं झाली मला नर्स होऊन! पडले, हाताला सलाईनची नळी चिकटवून.

समितीचे साहेब आले. "काय मावशी, काही तक्रार?"

माझं डोकंच फिरलं. ताडकन उठून बसले. "साहेब, मी इथली नर्स हाय. पेशंट बघायचाय? देवगावची बाई गेटवर कळा सोसतीय. तुम्ही येणार म्हणून तिला आत घेतलं नाय!"

साहेबांनी डॉक्टरांकडं बघितलं, डॉक्टरांनी घड्याळाकडं. "चला, जेवण थंड होतंय," म्हणत सगळे निघाले. मी तशीच गेटकडं पळाले. बाळंतपण मीच केलं.

आता वाच, काय लिहिलंय. मोठ्यानं वाच.

"तपासणीच्या वेळी सदर परिचारिका ड्युटीवर असताना खाटेवर झोपलेल्या आढळल्या."