विहिरीतलं डोरलं

आता तुमी हसान, पण ऐका. आमच्या म्हातारीचं लग्नातलं डोरलं पाणी शेंदता शेंदता विहिरीत पडलं. ते गावल्याबिगर घास घेणार नाही, असं ती बोलली. मंग मी बी ठरवलं, काढूनच वर यायचं.

उन्हाळ्याचं पाणी गुडघाभर, पण खाली अंधार. भिंतीतल्या लोखंडी कड्या धरून मी हळूहळू उतरलो. ती वरून आरशानं उन्हाचा कवडसा आत पाडून राह्यली होती. पाण्यात डोरलं चकाकलं. दिसे तिथं हात घातला, तर नुसता गाळ. पुन्हा घातला, पुन्हा गाळच.

"डोये फुटले का तुमचे? समोर तर हाय," ती वरून म्हणे.

"समोर दिसते, पण तिथं नाही वं. पाण्यात शिरलं का उजेड वाकते."

मंग दिसे त्याच्या अलीकडं, माह्या पायाजवळ, पार तळाशी चाचपलं अन् गावलं. बादलीत ठेवून वर पाठवलं. थोड्या वेळानं विहिरीत गुडुप अंधार झाला. कड्या दिसेनात.

"अवं, उजेड पाड. मले वर यायचं हाय."

"थांबा जरा," ती म्हणाली. "गळ्यात कसं दिसते, आरशात पाहून राह्यली."