माझ्या कार्डावर गेला तो

...नाही हो, मेलेलो नाही मी! तुम्हाला सांगतो, सकाळपासून तीन खिडक्यांवर हेच ओरडतोय, आणि खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणतो, ‘काका, कार्ड बाद झालंय, धारक मयत आहे, चला, पुढचे कोण?’ अहो, मयत माणूस हुज्जत घालतो का?

झालं काय, मी बेकरीत भट्टीवर कायम, म्हणून मला कार्ड, आणि कार्ड म्हणून दवाखाना फुकट. धाकटा भाऊ त्याच भट्टीवर, पण रोजंदारी! धग तीच, कार्ड नाही. त्याच्या छातीत पाणी भरलं, तर इस्पितळाच्या दारातूनच परत पाठवला. म्हटलं, माझं कार्ड आहे की! तोंडवळा सारखाच... फक्त फोटोत मला मिशी. मग काय, आठ दिवस घरी ठेवून त्याची मिशी वाढवली! माणूस तापाने फणफणलेला, आणि आम्ही आरसा धरून बसलेलो. नंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आठ दिवस आधी आणायला हवं होतं हो.’ काय सांगणार त्यांना? मिशी येत होती?

वॉर्डात तो म्हणजे मी. नर्स माझं नाव घेऊन त्याला हाक मारायची, आणि ‘ओ’ मी द्यायचो! मग तो मला चिमटा काढायचा आणि हसायचा, दम लागेपर्यंत. शेवटच्या सकाळी नर्स म्हणाली, ‘हाक मारा त्यांना, नावाने मारा!’ आणि मी माझंच नाव घेऊन ओरडत राहिलो हो... त्याचं नाव ओठावर आलेलं गिळलं. का, तर कार्ड पकडलं जाईल! त्याने डोळे उघडले नाहीत. कशाला उघडेल? त्याला कोणी बोलावलंच नव्हतं.

आता दाखल्यावर मी गेलोय. पण मेलेलो नाही मी! तिकडे भावजय रडून अर्धी झाली, आणि कागदावर तिचा नवरा ठणठणीत! मृत्यूचा दाखला नाही, म्हणून भाड्याची खोलीसुद्धा तिच्या नावावर होईना. म्हणून आज सगळं खरं सांगून टाकलं. ‘साहेब, मीच मी आहे, गेला तो माझा भाऊ, त्याच्या नावाने लिहा, मग हवं तर मला आत टाका!’

साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ‘तुम्ही तुम्हीच आहात, हे सांगणारा रक्ताच्या नात्यातला कोणीतरी आणा, लहानपणापासून ओळखणारा.’

एकच होता हो तसा... त्याला तर मीच माझ्या नावाने पोचवून आलो.