हिरवं बटन

…न्हाई गं तेजश्री, त्या व्हिडिओच्या नादी लागू नकोस आता — बघ की, निस्तं गोल गोल फिरायलंय, भालकीच्या नेटवर त्यो माणूस एक रेघ वढंपतोर तुझी गावाकडची बस निघून जाईल. माऊस धर तू, मी सांगते तसं कर. कामून हसायलीस? मीबी अशीच शिकले. कुणी शिकिवलं? कुणी न्हाई. ह्याच खुर्चीत बसून शिकले. आमचा धाकटा भाऊ अमरदीप पुण्याला गेला, जाताना म्हणला, अक्का, हे नेटचं दुकान आता तू बघ, तुझा हात ड्रॉइंगचा हाय, घरांचे नकाशे कंप्युटरवर काढाय शिक — शिक म्हणला, पण कसं, ते सांगाय थांबला न्हाई. फोन लावला की 'अक्का, मीटिंगमधी हाय.' मग बसले शोधत. व्हिडिओतला माणूस इंग्रजी असं बोलायचा, जणू तोंडात गरम भजं धरलंय — एक अक्षर कळायचं न्हाई. पण त्याचा बाण कुठं जातो ते बघायचं, थांबवायचं, आपण करून बघायचं, पुन्हा लावायचं. येतं तसं. तुलाबी येईल. पुढं पुण्यातल्या हापिसात लागलीस की तुला कुणी हाताला धरून शिकिवणार न्हाई, म्हणून सांगायले.

अडलं मात्र, की व्हिडिओ कामाचा न्हाई — त्याला उलटून इचारता येत न्हाई न्हवं? तवा हे पान उघडायचं. व्हय, हेच. इथं जगभरचे नकाशेवाले बसलेत. आपण प्रश्न टाकायचा, कुणीतरी उत्तर देतं. फुकट, व्हय — मलाबी आधी खरं वाटलं न्हवतं. आणि ते खाली हिरवं बटन दिसतंय का? त्याचा अर्थ, माझा प्रश्न सुटला. उत्तर मिळालं की ते दाबायचं, ही इथली रीत. दाबलं की प्रश्न मिटतो, उत्तर देणाऱ्याचा जीव मोकळा होतो. काम झाल्यावरबी कुणाला ताटकळत ठिवू न्हाई. ध्यानात ठिव.

हा? हा माझा प्रश्न हाय. जिन्याच्या पायऱ्यांचा. महादेवप्पांच्या घराचा नकाशा काढत होते, एकेक पायरी वढत बसले — एक बारीक, एक मोठी, हात दुखून आला. म्हणून इचारलं, सगळ्या एकदम कशा काढायच्या. तर हेन्रिक म्हणून हाय एक, नॉर्वेचा — लांब, लई थंड मुलूख — त्यानं माझी फाइल घेतली, पायऱ्या नीट लावल्या, परत धाडली. आता तूच सांग, कुणाच्या घरनं भरलेलं भांडं आलं तर आपण रिकामं परत देतो का? तुझ्या आईनं आज शेंगाच्या पोळ्या धाडल्या, त्यो डबा मी रिकामा धाडीन व्हय? आमची आई घरात काहीच नसलं तर कढीपत्त्याची डहाळी तरी टाकायची. मग मीबी त्याची फाइल परत धाडताना अंगणात लिंबाचं झाड काढलं. पुढल्या बारीला उंबऱ्यापाशी चपलांचा जोड. मग पाण्याचा रांजण. आणि त्यो काय करतो? 'चुकून राहिलेल्या रेघा काढून टाकल्या, आता फाइल हलकी झाली.' दर बारीला! भांडं घासून-पुसून रिकामं परत! हसू आलं मला. रडूबी आलं, खोटं कामून बोलू.

व्हय, फाइल पुन्हा पुन्हा जायची, कारण मी ह्याच प्रश्नाखाली पुन्हा पुन्हा इचारायची. जिना झाला की कठडा, कठडा झाला की खिडकी… तुला म्हणून सांगते, कुणाजवळ बोलू नकोस — पायऱ्या मला पहिल्याच उत्तरात जमल्या. बाकीचं तर आधीच येत होतं. येतंय तेच इचारायले मी. कामून? आई गेल्यापासनं मला 'राजश्री, जमलं का' म्हणून इचारणारं कोण हाय? दुकानात येतात ते 'अक्का, प्रिंट' म्हणतात, पाठ फिरवतात. त्यो इचारतो — जमलं का? सकाळी शटर वर केलं की आधी हे पान बघते मी, चहा मागनं. एकटं वाटतं गं. लई एकटं वाटतं.

ही बघ त्याची आताची चिठ्ठी. म्हणतो, मी ह्या पानावरनं कायमची रजा घ्यायलोय, माझ्याकडं तुमचा हा एकच प्रश्न उघडा राहिलाय, सुटला की सांगा, तोवर थांबतो. थांबतो म्हणलाय! आणि फाइल उघड ती — ह्या बारीला मी तिन्ही पुन्हा काढून धाडलं होतं, बघ. चपला पुसल्या, रांजण पुसला, पण लिंब? लिंब हाय तिथंच. विसरला का मुद्दाम ठिवला? एवढाच एक माझा खरा प्रश्न हाय बघ, बाकीचे समदे लटके. इंग्रजीत कसं मांडावं ते जुळत न्हवतं, आता जुळवलंय. तू गेलीस की लिहिते. बस जरा, मी तुझा डबा घासते. आत गूळ हाय, शेंगदाणे हायत… तिथनं बोल की, ऐकू येतंय मला… काय म्हणलीस? व्हय गं, थांबलाय त्यो बिचारा. माझ्यासाठी थांबलाय.

हे घे, — हे काय? बटन असं करडं कामून झालंय? कुणी… तू दाबलंस?

न्हाई, न्हाई. रडू नकोस. चुकली न्हाईस तू. उत्तर मिळालं की दाबायचं, मीच सांगितलं न्हवं का. माणसाला ताटकळत ठिवू न्हाई, मीच म्हणले. खाली काय लिहून आलंय, वाच. 'धन्यवाद. हा प्रश्न बंद झाला.' …हं. नवा टाकता येतो की. येतो. देईल कुणीतरी उत्तर. कुणीबी देईल.

ऊठ आता, बस निघल तुझी. हा घे डबा. न्हाई, गूळ न्हाई टाकला. आज रिकामाच ने.