भाजलेला मका

मथुराबाईंच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, ते चौऱ्याहत्तर साल. त्या भादव्यात त्यांची म्हैस दोन दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हती, म्हणून त्या तिला घेऊन येरमाळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. पुढं दोन अनोळखी गडी बोलत होते.

"पिराजीभाऊ, तुमची म्हैस कुठंय?"

"ती परवाच मेली. आज डॉक्टरला मका दाखवाया आणलाय."

"मक्याला काय झालं?"

"जमिनीतल्या पेवात पाणी शिरलं, हिरवी बुरशी धरली. बायको म्हनली, उकिरड्यावर टाका. म्या म्हनलं, तुला काय कळतंय, म्या सोसायटीचा डायरेक्टर हाय! धुतला, वाळवला, वर भाजला. वास असा खमंग, की एक मूठ म्याच खाल्ली."

"भाजल्यावर काय ऱ्हातंय हो?"

"ईख ऱ्हातंय, जहर. परवा म्हशीला बघाया आले तवा डॉक्टर म्हनले, दाण्याच्या कोंबात तेल असतंय, बुरशीला तेच लई आवडतंय. तिथं मुरलेलं ईख धुऊन-भाजून जात न्हाय."

"आन तुमाला काय झालं न्हाय?"

"मुठीनं काय होतंय? म्हशीला मातुर रोज पाटीभर. मला नुसती अक्कल आली, तीबी म्हैस मेल्यावर."

"मग आता?"

"आता घरात बायको डायरेक्टर. म्या फकस्त सही करतो."

दोघं हसले.

"दादा, किती दिवस चारला होता?" मथुराबाईंनी विचारलं.

"पंधरा दिवस, मावशी. का हो?"

"आमचे अकरा झाले. आमीबी बुरशीचा मका भाजूनच घातला."

पिराजी उठून उभा राहिला.

"मावशी, तुमी आधी जावा आत."

मथुराबाईंची म्हैस त्या साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी मेली.