टेकडी निळीच आहे, काका

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आदरणीय मोठ्या बाई; प्रमुख पाहुणे, डोळ्यांचे डॉक्टरसाहेब; ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, आपले डोंगरकाका; पहिल्या रांगेत बसलेल्या काकू; आणि हातभर लांबीच्या आगगाडीपायी घरच्यांची बोलणी खाणाऱ्या माझ्या मंडळबंधूंनो आणि भगिनींनो,

मी दोन कागद लिहून आणले आहेत. एक निरोपाचा, एक दुसराच. कुठला वाचू, हे अजून ठरलेलं नाही, तेव्हा सांभाळून घ्या. मी मुळात वायरमन. भाषण हे माझं काम नव्हे.

काका आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. निवृत्तीनंतर ते आपल्या या छोट्या आगगाड्यांच्या मंडळात आले तेव्हा आमचे रूळ नुसत्या प्लायवूडवरून धावत होते. काकांनी थर्माकोल कापून टेकड्या केल्या, त्यावर प्लॅस्टर चढवलं. चहाची वापरलेली पूड वाळवून माती केली आणि लाकडाचा भुसा रंगवून गवत केलं. भांडी घासायचा काथ्या कुंपणाच्या झुडपांत गेला, आणि काकूंना घरी भांडी कशानं घासायची हा प्रश्न पडला. हसू नका काकू, तुम्हीच तक्रार केली होती. गाडी खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची, पण त्या उतारावर पाय घसरेल असं वाटायचं. रंगाच्या बाबतीत तर काका कुणाला भीक घालत नसत. "हिरवा एक नसतो रे," म्हणायचे, "सावलीतला वेगळा, रुळाकडेचा वेगळा."

अशा माणसानं गेल्या महिन्यात मला चिठ्ठी दिली. एकच ओळ होती. "माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा राहिला नाही, मला मोकळं करा." त्यावरून हा समारंभ. बरोबर ना? का चुकतंय माझं? सकाळपासून माझं असंच होतंय, एक धरलं की दुसरं सुटतंय.

आता डॉक्टरसाहेब गोंधळलेत. त्यांनी मोतीबिंदू काढला, डोळे तीनदा तपासले, तिन्ही वेळा अव्वल निघाले. तरी काका म्हणतात, घरच्या खिडकीत कालवलेलं हिरवं गवत मंडळात आणलं की वाळकं दिसतं. आणि डब्यात उरलेला जुना भुसा घरी निळा, इथे टेकडीवर हिरवा! एकाच माणसाला दोन ठिकाणी दोन रंग. काकू सांगत होत्या, हल्ली ते रस्ता ओलांडतानाही सिग्नल हिरवा आहे ना, असं शेजारच्याला विचारतात. पन्नास वर्षं रंगांवर पोट भरलेला माणूस! ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

कारण सांगतो. दुसराच कागद वाचतो आता.

दोन वर्षांपूर्वी टेकडी निळी पडायला लागली. मोतीबिंदूमुळे सगळं पिवळट दिसतं, हे मला परवा डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. तो पिवळेपणा मारायला काका भुशात निळा वाढवत होते, आणि त्यांना ते गवत अगदी बरोबर दिसत होतं. मला दिसत होतं ते भलतंच. पण सांगणार कसं? एकदा कुणीतरी बोगद्याचं तोंड वाकडं आहे म्हणालं, तर काका महिनाभर फिरकले नव्हते. मग मी माझ्या अकलेनं उपाय केला. टेकडीच्या वर टांगलेल्या फळीमागे पांढऱ्या ट्यूब होत्या, त्या काढून पिवळे दिवे लावले. टेकडी पुन्हा हिरवी! केवढी शाबासकी दिली मी मनातल्या मनात स्वतःला.

नंतर शस्त्रक्रिया झाली. काका आले, टेकडीवर वाकून गवत निरखत मला म्हणाले, "वायरमन, दिवे तेच ना रे?"

मी म्हणालो, "तेच."

का म्हणालो? आजतागायत कळलेलं नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, की माझी लबाडी उघडी पडू नये म्हणून? दोन्ही असेल. काकांनी दिव्यांवर संशय घेतला होता, पण मी तेच म्हटल्यावर माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा काढून घेतला.

आज सकाळी मी पांढऱ्या ट्यूब परत बसवल्या. लावतो. काका, या इकडे, बघा. बाई, भाषण जरा थांबवतो, माफ करा.

हो काका. निळीच आहे. तुम्हाला निळी दिसते, मलाही निळी दिसते. तुमच्या डोळ्यांत काडीचाही दोष नाही.

काय म्हणालात? दोन वर्षं आणखी कुणाला दिसलं नाही का?

मंडळी, काका विचारताहेत. बोला की कुणीतरी. बघा, सगळे कसे चपलांकडे बघताहेत. दिसत होतं काका. टेकडी निळी पडतानाही सगळ्यांना दिसली, दिवे बदललेलेही दिसले. प्रेमापोटी मूग गिळून बसलो आम्ही, आणि त्या प्रेमानंच तुम्हाला आंधळं ठरवलं.

आता हा निरोप की सत्कार की माझी चौकशी, मला खरंच उमगत नाही. कागद संपले. अध्यक्षबाईंचे आभार, त्यांनी मला मध्येच खाली बसवलं नाही. डॉक्टरसाहेबांचे आभार, त्यांच्या हाताला उगाच बोल लागला. काकूंचे आणि आपणा सर्वांचेही आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते सभागृहानं पोटात घालावं. पण त्या 'तेच'ची माफी सभागृहाकडे नाही. ती काकांकडे आहे, आणि द्यायची की नाही हे त्यांनीच...

काय काका? पटाशी? आत्ता?

म्हणतात, "माफीचं मागाहून बघू. आधी पटाशी आण, ही टेकडी खरवडायची आहे."

आणतो काका.